झोपेसाठी सोडलेली शाळा

बालेवाडीच्या जलतरण तलावाच्या गॅलरीत बसलं की कुणीतरी आई किंवा बाबा शेजारी येऊन विचारतात, "तुमची मुलगी ऑनलाइन शिकते ना? आम्हीही आठवीनंतर शाळा सोडवावी का?" उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहिते.

आम्ही कोथरूडला राहतो. पहाटे सव्वाचारला उठायचं, चांदणी चौकातून बालेवाडी गाठायची, पाच ते सात पाण्यात. मग ओल्या केसांनी, गाडीत पोळीचा रोल खात थेट शाळा. दुपारी दोनला घरी, चारला पुन्हा तलाव. गृहपाठ उरकेपर्यंत रात्रीचे साडेदहा. झोप पावणेसहा तास, आणि या वयाला लागते आठ ते दहा. नववीच्या दिवाळीनंतर तिचा खांदा धरला, टायमिंग घसरलं. आम्हाला वाटलं, सराव कमी पडतोय. फिजिओथेरपिस्टनं पहिलाच प्रश्न विचारला, "झोपते किती?" मला उत्तर देववेना. आई असून मी ते कधी मोजलंच नव्हतं.

म्हणून शाळा सोडली ती झोपेसाठी. सराव आजही तेवढाच आहे, एक लॅपसुद्धा वाढवलेला नाही. सकाळी तलावावरून आली की नाश्ता करून ती अकरापर्यंत झोपते, मग अभ्यासाला बसते. "आता वेळ आहे तर तिसरं सेशन लावा," असं सुचवणारे भेटले. मी ठाम नाही म्हटलं. वाढत्या वयात हाडांची टोकं अजून पक्की झालेली नसतात. रोज तोच ताण पडला तर दुखापत तिथेच होते. शाळेचे तास काढून सरावात ओतायचे असतील, तर कृपा करून शाळा सोडवू नका.

कागदपत्रांचं म्हणाल तर ऑनलाइन वर्ग खासगी असतात, दहावीचं प्रमाणपत्र मंडळ देतं. फी भरण्याआधी त्यावर नाव कोणत्या मंडळाचं येणार ते विचारा. आम्ही एनआयओएस घेतलं, म्हणजे घरी राहून शिकणाऱ्यांसाठीचं केंद्र सरकारचं मुक्त शालेय मंडळ. परीक्षा वर्षातून दोनदा, पाच वर्षांत नऊ संधी, आणि पास झालेल्या विषयाचे गुण जमा राहतात. तिनं तीन विषय ऑक्टोबरमध्ये दिले, उरलेले एप्रिलमध्ये देईल. एक गोष्ट मात्र आम्हाला उशिरा कळली: शालेय क्रीडा स्पर्धांच्या प्रवेशिका शाळेमार्फत जातात. जिल्ह्याच्या त्या स्पर्धेत मैत्रिणी उतरल्या, ही गॅलरीत माझ्या शेजारी बसली होती.

ते मला फार लागलं. त्याहून जास्त लागलं ते शाळेच्या गॅदरिंगला. सगळ्या जणी नव्या सरांची नक्कल करून हसत होत्या आणि हिला ते सर माहीतच नव्हते. घरी येताना ती गाडीत एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून शनिवारी दुपारी चौघीजणी आमच्याकडे गणितं सोडवायला येतात. गणितं कमी होतात, गप्पाच जास्त होतात. मी आत जात नाही, फक्त पोहे नेऊन ठेवते.

खांदा आता दुखत नाही. टायमिंग अजून पूर्ण परत आलेलं नाही, हेही सांगायला हवं.

तुम्ही एवढंच करा: आठवडाभर मूल किती वाजता झोपतं, किती वाजता उठतं, ते वहीत लिहा. रविवारी सकाळी मी गॅलरीतच असते. वही घेऊन या, दोघी बसून बघू.