'विश्वास हाय, खरं…'

गेल्या पावसाळ्यात, बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात भाताची लावणी उरकत आली असताना, आमच्या धर्मग्रामातील (एका चर्चच्या कक्षेतील वस्तीतील) एक वयस्कर शेतकरी कचेरीचा अर्ज भरून घेण्यासाठी माझ्याकडे आले. अर्ज कन्नडमधून होता, त्यांचे शिक्षण मराठी चौथीपर्यंतचे, आणि मी जन्मभर मराठी शाळेत मास्तर असलो तरी कचेरीपुरती कन्नड मला नोकरीनेच शिकवली आहे. सही झाली, चहा आला, आणि बोलणे त्यांच्या पत्नीच्या आजारपणावर गेले. दोन वर्षे ती माउली अंथरुणाला खिळून आहे. शहरातील दवाखाने झाले, नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) झाल्या, घरातला संध्याकाळचा तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, तर एक दिवसही चुकलेला नाही. काका कपाकडे पाहत म्हणाले, "विश्वास हाय मास्तर, खरं…" आणि तिथेच थांबले.

पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना हे वाक्य अर्धवट वाटणार नाही, उलट त्यांना त्यात ठाम कबुलीच ऐकू येईल. परंतु आमच्या बेळगावी मराठीत 'खरं' या शब्दाचा अर्थ 'पण' असा होतो. "येतो, खरं उशीर होईल," असे आम्ही सहज बोलून जातो. सत्याला आणि शंकेला एकच शब्द वापरणारी आमची ही बोली बाहेरगावी चेष्टेचा विषय होते, आणि एके काळी मी स्वतःही मुलांच्या निबंधांतून तो 'खरं' लाल शाईने खोडत असे. त्या संध्याकाळपासून मात्र काकांचे ते वाक्य मनात राहिले आहे. कॅथलिक शिकवणीत विश्वास म्हणजे नेमके काय, हे दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करणाऱ्या संस्काराच्या) वर्गात मी बरीच वर्षे सांगत आलो. ते या 'खरं'ला धरून पुन्हा एकदा लिहून काढावे, असे वाटले.

आधी शब्दांविषयी. आमच्याकडे बोलणे मराठी, प्रार्थना पूर्वापार कोकणी आणि कामकाज कन्नड, त्यामुळे या एका कल्पनेला आमच्या पदरी अनेक शब्द आहेत. कोकणी मतांगिकाराची, म्हणजे आपण काय मानतो ते सांगणाऱ्या प्रार्थनेची, सुरुवात 'सत मानतां' अशी होते, म्हणजे मी हे सत्य म्हणून स्वीकारतो. त्याच कोकणीत विश्वासाला 'भावार्थ' म्हणतात, जो शब्द मराठी शाळेत कवितेच्या सारांशापुरता उरला आहे. कन्नडमध्ये 'नंबिके' म्हणजे एखाद्यावर भिस्त टाकणे. आणि गंमत अशी की 'विश्वास' हा शब्द कन्नडमध्येही आहे, पण तिथे त्याला मायेचा, आपुलकीचा अर्थ येतो, म्हणून ते लोक 'प्रीती-विश्वास' असा जोडशब्द करतात. सत्य मानणे, भिस्त टाकणे आणि माया असणे या तीन गोष्टी तीन वेगळ्या कप्प्यांतल्या वाटतात. चर्चची शिकवण मात्र या तिन्ही एकाच कृतीत बसवते, आणि माझ्या अनुभवाने बहुतेक घोटाळे यांतली एक धरून उरलेल्या दोन सोडल्याने होतात.

१९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रसिद्ध केलेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात सांगितले आहे की विश्वास म्हणजे प्रथम माणसाने व्यक्तिशः देवाला धरून राहणे, आणि त्याचबरोबर, त्यापासून वेगळे न करता, देवाने प्रकट केलेल्या संपूर्ण सत्याला मोकळेपणाने संमती देणे. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी व्यक्ती येते, मग विधाने येतात. विधानांची यादी पाठ आहे पण ज्याच्याविषयी ती आहेत त्याच्याशी बोलणे नाही, हा विश्वास नव्हे; याकोबाच्या पत्रात तर स्पष्टच म्हटले आहे की देव एक आहे हे भुतेही मानतात आणि थरथर कापतात. उलट, देवाविषयी मनात ऊब आहे पण त्याने काय सांगितले याच्याशी कर्तव्य नाही, हेही पुरेसे नाही. हिब्रू भाषेत विश्वासाचे मूळ 'अमन' या धातूत आहे. घट्ट असणे, टिकणे, आधार देण्याजोगे असणे असा त्याचा अर्थ. आपण प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो ते 'आमेन' याच धातूचे. म्हणजे आमेन म्हणणारा माणूस 'असेच होवो' इतकेच म्हणत नाही, 'हे पक्के आहे, यावर मी भार टाकतो' असेही म्हणत असतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात विश्वासाला आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा आणि न दिसणाऱ्या गोष्टींची खात्री म्हटले आहे, त्यातला 'भरवसा' हा शब्दही याच घट्टपणाचा.

भार टाकायचा तो कशाच्या बळावर, हा प्रश्न वर्गातील हुशार मुले दरवर्षी विचारतात. त्यांना मी माझ्या जन्मतारखेची गोष्ट सांगतो. माझ्या दाखल्यावर १ जून ही तारीख आहे, कारण आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना ज्याची तारीख कुणाला ठाऊक नसे त्याला गुरुजी सरसकट १ जूनला जन्माला घालीत. माझी आई मात्र सांगे की मी श्रावणात, पेरणीनंतरच्या झडीत जन्मलो. सरकारी शिक्का १ जूनच्या बाजूचा आहे, तरी मी श्रावण मानतो. मी माझा जन्म पाहिलेला नाही, तो सिद्धही करू शकत नाही. पण जी सांगते ती तिथे होती, आणि तिला मला फसवायचे काही कारण नाही. पहिल्या व्हॅटिकन परिषदेने (कॅथलिक बिशपांच्या सभेने) २४ एप्रिल १८७० रोजी विश्वासाविषयी जे ठरवले त्याचा गाभा हाच आहे. प्रकट झालेली सत्ये आपण त्यांचा उलगडा स्वतःच्या बुद्धीला झाला म्हणून मानत नाही. जो देव ती प्रकट करतो तो फसू शकत नाही आणि फसवूही शकत नाही, म्हणून मानतो. साक्षीवर भरवसा ठेवण्यात माणसाचा कमीपणा नाही. नवरा-बायकोचा संसार, उसनवारी, वाट्याने केलेली शेती, सगळे त्याच्यावरच चालते.

याच परिषदेने हेही बजावले की असा विश्वास म्हणजे आंधळी झेप नव्हे. त्याला विवेकाच्या पायऱ्या आहेत, आणि देवाचे अस्तित्व माणसाच्या बुद्धीला कळू शकते. पुढे १४ सप्टेंबर १९९८ च्या परिपत्रकात जॉन पॉल दुसरे यांनी विश्वास आणि बुद्धी यांना मानवी आत्म्याचे दोन पंख म्हटले. ('श्रद्धा' हा शब्द मला मनापासून आवडतो, परंतु 'अंधश्रद्धा' या शब्दाशी त्याची अशी जोडी लागली आहे की सभेत 'श्रद्धा' म्हटले की पुढचे पाच मिनिटे सफाई देण्यात जातात. म्हणून मी 'विश्वास' म्हणतो.)

संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात विश्वासाच्या कृतीची जी व्याख्या केली ती आजही चर्च वापरते: देवाच्या कृपेने प्रेरित झालेल्या इच्छेच्या आज्ञेने बुद्धी दैवी सत्याला संमती देते. या वाक्यात बुद्धी, इच्छा आणि कृपा असे तिघे काम करीत आहेत, आणि चौथी एक गोष्ट तिथे नाही हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. भावना तिथे नाही. आमच्या वर्गातील एका मुलीने एकदा रडवेल्या आवाजात विचारले होते की मिस्सेला (चर्चमधील मुख्य उपासनेला) बाकीच्यांचे डोळे भरून येतात, तिला मात्र काहीच वाटत नाही, तेव्हा तिला दृढीकरण घेण्याचा अधिकार आहे का? मी तिला मदर तेरेसा यांच्याविषयी सांगितले. त्यांची खासगी पत्रे २००७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा जगाला कळले की कित्येक वर्षे त्यांना प्रार्थनेत देवाची जवळीक जाणवत नव्हती, आत नुसता अंधार होता. तरीही त्या पहाटे उठत होत्या, प्रार्थनेला बसत होत्या, रस्त्यावरच्या माणसांना उचलून आणत होत्या. चर्चने हे सर्व माहीत असताना २०१६ साली त्यांना संत घोषित केले. भावना आली तर तिचे स्वागत करावे; पण ती मृगाच्या सरीसारखी आहे, कधी वेळेवर येते, कधी हुलकावणी देते, आणि तेवढ्यावर कुणी शेत विकत नाही.

कृपा हा शब्द मात्र सोपा नाही. विश्वास हे देवाने दिलेले दान आहे आणि तरीही ती माणसाची स्वतःची, मोकळी कृती आहे, असे चर्च एकाच श्वासात सांगते. बाप्तिस्म्यासाठी आलेल्या प्रौढाला चर्चच्या दारात विचारतात, "तू चर्चपाशी काय मागतोस?" आणि उत्तर असते, "विश्वास." म्हणजे जो विश्वास घेऊन आला तोच विश्वास मागतो आहे. तान्ह्या बाळाच्या वतीने हे उत्तर पादीन-मादीन, म्हणजे त्याचे धर्मपिता-धर्ममाता, देतात, कारण विश्वास कुणी एकट्याने उभा केलेला नसतो, तो आधी चर्चचा असतो आणि चर्चकडून हाती येतो. प्रेषितांच्या मतांगिकारात 'मी' आहे, तर ३२५ साली निकाया येथे जमलेल्या बिशपांनी आपला मतांगिकार 'आम्ही' असा सुरू केला.

दान आहे म्हणून ते लादता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीच्या जाहीरनाम्यात निःसंदिग्धपणे म्हटले की कोणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध विश्वास स्वीकारायला भाग पाडता कामा नये, आणि ही चर्चची प्राचीन शिकवण असल्याचेही सांगितले. शिकवण प्राचीन आहे हे मान्य. परंतु घाटाखालच्या गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधली चार वर्षे सोडल्यास, धर्मन्यायालय (लोकांच्या विश्वासाची सक्तीने झडती घेणारे 'इन्क्विझिशन') चालले होते, आणि आमच्यासारख्या घाटावरच्या कोकणी प्रार्थना म्हणणाऱ्या माणसाने ते विसरून हे वाक्य शिकवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. जे मोकळेपणाने दिले गेले नाही त्याला अक्विनासच्या व्याख्येप्रमाणे विश्वास हे नावच देता येत नाही, हे मी वर्गात सांगतो आणि गोव्याचे नाव घेऊनच सांगतो.

कृतीविण विश्वास मेलेला आहे, हे याकोबाचे वचन सर्वांना ठाऊक आहे. विश्वास मोठा की सत्कृत्ये, या वादाने सोळाव्या शतकात युरोप दुभंगला आणि त्रेंत येथील परिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी त्यावर कॅथलिक बाजू नक्की केली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे लूथरन मंडळ्या आणि कॅथलिक चर्च यांनी या विषयावर संयुक्त निवेदनावर सह्या केल्या, त्यामुळे त्या वादाची धार आता बरीच बोथट झाली आहे. बेळगावात मेथॉडिस्ट मित्रांबरोबर चहा पिताना तो निघतो, आणि चहाबरोबर संपतो.

आता काकांचे 'खरं'. विश्वास आणि 'खरं' एका वाक्यात राहू शकतात का? संत ऑगस्टीन यांनी विश्वास ठेवणे म्हणजे संमती देऊन विचार करणे, असे म्हटले आहे. अक्विनास हेच पुढे नेतात: समोर पुरावा पाहून बुद्धी शांत होते, तशी ती विश्वासात शांत होत नाही. संमती पक्की असते, पण बुद्धीला अजून दिसलेले नसते, म्हणून ती आतल्या आत हालत राहते. एकोणिसाव्या शतकात कार्डिनल न्यूमन यांनी लिहिले की दहा हजार अडचणी मिळूनही एक शंका होत नाही, आणि धर्मशिक्षण ग्रंथाने ते वाक्य आवर्जून घेतले आहे. त्याच ग्रंथात जाणूनबुजून मनात बाळगलेला संशय आणि न बोलावता आलेला संशय असा भेदही केला आहे. पहिल्याने माणूस दार लावून घेतो, दुसऱ्यात तो दाराशी उभा असतो आणि आत अंधार का, एवढेच विचारत असतो. दोन वर्षे रोज तेर्स म्हणून मग 'खरं' म्हणणारा माणूस या दोहोंपैकी कुठे बसतो, हे ठरवायला मला फार विचार करावा लागला नाही.

दुसऱ्या खेपेला काका मंजुरीचा कागद दाखवायला आले, तेव्हा मी त्यांना मार्कच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील त्या बापाची गोष्ट सांगितली, ज्याचे पोर लहानपणापासून फेफरे येऊन आगीत आणि पाण्यात पडत होते. येशू त्याला म्हणाला, विश्वास ठेवणाऱ्याला सर्व शक्य आहे. आणि तो बाप ओरडून म्हणाला, मी विश्वास ठेवतो, माझा अविश्वास घालवून टाका. मी काकांना ते आपल्या बोलीत करून दाखवले: "मानतो देवा, खरं कमी पडतंय, तेवढं तू भर." येशूने त्या बापाला त्याच्या 'खरं'बद्दल एक शब्दही बोल लावला नाही, हेही सांगितले.

काकांनी सगळे नीट ऐकून घेतले. कागदाची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, "खरं त्याचं पोर बरं झालं की, मास्तर."

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. दिवे लागले होते, बाहेर पाऊस उघडला होता, आणि त्यांना तेर्साला उशीर होत होता. मी छत्री घेऊन त्यांच्याबरोबर निघालो. त्यांच्या पत्नीच्या खाटेशी बसून आम्ही तिघांनी तो म्हटला. 'सत मानतां' त्यांनीच सुरू केले.