आरबी२६ची पुनर्बांधणी: आधी तेल, मग ताकद
निसानच्या आर३२ स्कायलाइन जीटी-आर या स्पोर्ट्स कारमधले आरबी२६डीईटीटी हे २५६८ सीसीचे, सहा सिलिंडरांचे, दोन टर्बोंचे इंजिन बिडाच्या ब्लॉकमुळे दणकट मानले जाते, आणि म्हणूनच कागदोपत्री २८० पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) असलेली ताकद वाढवण्याचा मोह सहज होतो. माझ्या मते मात्र पैसा आधी तेलाच्या व्यवस्थेवर खर्च करावा. सुरुवातीच्या इंजिनांच्या क्रँकशाफ्टवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यावर, ऑइल पंप फिरवणारा भाग अरुंद आहे. इंजिन वारंवार रेव्ह लिमिटरवर (फिरण्याच्या वेगाला घातलेल्या मर्यादेवर) आदळले की पंपाचा गिअर तडकू शकतो आणि तेलाचा दाब क्षणात नाहीसा होतो. म्हणून माझ्या इंजिनाच्या क्रँकवर रुंद कॉलर (कडे) बसवून घेतली, पंप मजबूत गिअरचा घेतला आणि हेडकडे (इंजिनाच्या वरच्या भागाकडे) जाणाऱ्या तेलाच्या वाटेत प्रवाह कमी करणारा रिस्ट्रिक्टर घातला, कारण जास्त आरपीएमला तेल वर हेडमध्येच साचते व संपमध्ये (इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्यात) वेळेवर परतत नाही.

मूळ टर्बोंची टर्बाइन चाके सिरॅमिकची. बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब) वाढवला की ती निखळण्याचा धोका असतो, तेव्हा धातूच्या चाकांचे टर्बो घेतले. सिलिंडर ८६ मिमीवरून ८६.५ मिमी बोअर करून (आतून रुंदावून) फोर्ज्ड (घडीव) पिस्टन घातले. होनिंगनंतरच्या (सिलिंडर आतून घासून घेतल्यानंतरच्या) तिरक्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा तर पाहत राहाव्यात अशा! पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला नीट बसेपर्यंत बूस्ट कमी ठेवायचा आहे, आणि खरे सांगायचे तर तेवढेच जिवावर आले आहे.