पोलिसांची मालिका: सातव्या चित्रापर्यंत

कामचुकार पोलिसावर व्यंगचित्रांची मालिका काढतोय. पहिली चार चित्रं फाडली नाहीत, फाइलीत तळाला सरकवली. चारही चित्रांत पोलीस झोपलेला. खुर्चीत, गाडीत, भिंतीला टेकून, शेवटी तर उभ्या उभ्या. आणि चारही वेळा पोट सुटलेलं. मित्राने चाळून विचारलं, "तू याच्या कामचुकारपणाला हसतोयस की वजनाला?" उत्तर सुचलं नाही.

मग जुन्या इंग्रज व्यंगचित्रकाराचं, जॉन टेनिएलचं, काम काढून बसलो. २२ सप्टेंबर १८८८ च्या ‘पंच’ या इंग्रजी विनोदी साप्ताहिकातलं त्याचं चित्र, लंडनच्या व्हाइटचॅपलमधले खून उलगडत नव्हते तेव्हाचं. विषय चक्क आंधळी कोशिंबीर: डोळ्यांवर पट्टी बांधलेला शिपाई हात पसरून चाचपडतोय आणि भोवतीचे बदमाश त्याची मजा बघतायत. तीनदा नक्कल केली. तिसऱ्यांदा लक्षात आलं, हा शिपाई बिचारा काम करतोय! त्याला जमत नाहीये, एवढंच. माझ्या कामचुकाराला पट्टीची गरज नाही. त्याला सगळं दिसतं, म्हणून तो दुसऱ्याच कामात गढलेला हवा.

पाचव्या चित्रात तो तक्रार लिहून घेण्याआधी पेन्सिलीला टोक काढतोय. टेबलावर टोक काढलेल्या अकरा पेन्सिली, समोर ताटकळलेली बाई. पोट गेलं, आणि चित्र पहिल्यांदा बोललं. सहाव्यावर शाई सांडली, त्याबद्दल न बोललेलं बरं.

सातवं सध्या बोर्डावर आहे. रस्त्यात फोडलेली तिजोरी, दोन्ही बाजूंना दोन ठाण्यांचे दोन हवालदार, टेपने मोजतायत की तिजोरी कुणाच्या हद्दीत. टेपचं एक टोक चोराने धरलंय, अगदी मनापासून. खाली ‘हद्द झाली!’ लिहायचा मोह होतोय. कोटी चांगली आहे, पण चोराचा चेहरा नीट जमला तर ती लागणारच नाही. तूर्त जागा रिकामी सोडलीये.

शाईचं एक. गणवेश सगळा काळा भरला की माणसाचा ठोकळा होतो, बसण्यातला ऐदीपणा दिसत नाही. आता फक्त टोपी आणि पट्टा काळा, बाकी विरळ तिरक्या रेषा. बिल्ला कोरा ठेवतो. कुठल्या एका दलाचा वाटला की बाकीचे निवांत हसतात.

टेप धरलेली चोराची बोटं मात्र अजून केळ्यांसारखी येतायत. कुणी हातांचा सराव कसा केला असेल तर सांगा.