पॉलिथिन चुकीच्या बाजूला : आमच्या वर्कशॉपची वाटचाल

“ताई, तुमची भिंत रडतेय गं.”

जानेवारी २०२२. सकाळचे सात. निफाडजवळच्या एका मळ्यातून काकूंचा फोन. मी आधी काय केलं असेल, तर काकूंनाच समजावायला निघाले. रात्री खिडकी उघडी राहिली असेल, दव आत आलं असेल, वगैरे. दुपारी मळ्यावर जाऊन भिंतीला हात लावला आणि बोलतीच बंद झाली. आम्ही काका-काकूंना राहायला बांधून दिलेल्या ट्रेलरच्या आतल्या प्लायवर दर दोन फुटांवर पाण्याची उभी रेघ होती. आत दडवलेला आमचा लोखंडी सांगाडा जसाच्या तसा घामाने उमटला होता.

आणि आम्ही स्वतःला इन्सुलेशनमधले जाणकार समजत होतो!

तसं समजायला कारणही होतं. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, एका पॅनल बनवणाऱ्या कंपनीत सात वर्षं फिटर होता. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून ड्रॉइंग काढायचे. २००९ मध्ये आम्ही अंबड एमआयडीसीत भाड्याने अर्धा शेड घेतला. उरलेल्या अर्ध्या शेडमध्ये एक खराद्या होता आणि त्याच्या मशीनच्या आवाजात फोनवर गिऱ्हाइकाचं नावसुद्धा नीट ऐकू यायचं नाही. काम एकच : द्राक्षांच्या पॅकहाउससाठी कोल्ड रूम बांधणं. पिंपळगाव, मोहाडी, दिंडोरी हा आमचा पट्टा. तोडलेल्या द्राक्षातली रानातली ऊब काही तासांत काढून घ्यायची आणि मग माल शून्य अंशाच्या आसपास ठेवायचा. त्यासाठी ४० घनतेचा (घनमीटरला ४० किलो) पफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोमचा पॅनल, सांध्यात सीलंट, दाराला गास्केट. दादाच्या हातच्या सांध्यातून मुंगी जात नाही असं गिऱ्हाईक म्हणायचं.

पहिल्याच वर्षात फटका बसला. २०१० च्या हंगामात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले म्हणून युरोपात माल अडकला, आणि इथे ज्यांनी आमच्या कोल्ड रूमची ऑर्डर दिली होती त्यांनी फोन उचलणं बंद केलं. त्यांची तरी काय चूक? आईच्या पाटल्या तेव्हा गेल्या त्या २०१४ ला परत आल्या. मधली वर्षं सांगण्यासारखी नाहीत. काम होतं, उधारी होती, पुढे जीएसटी आला. २०२० च्या मार्चमध्ये ऐन निर्यातीच्या दिवसांत टाळेबंदी लागली आणि कोल्ड रूमचं काम पुन्हा थांबलं, तेव्हा आम्ही त्याच पॅनलच्या सुट्या केबिन करायला लागलो. वॉचमनची केबिन, साइट ऑफिस, विलगीकरणाच्या खोल्या. पुढच्या वर्षी राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. मग लोक विचारू लागले, “अहो, या केबिनला चाकं लावून द्याल का?”

काका-काकूंचा प्रश्न पर्यटनाचा नव्हता. त्यांनी मळ्यातलं जुनं मातीचं घर पाडलं होतं आणि नवं व्हायला वर्ष लागणार होतं. द्राक्षबाग सोडून गावात राहायला काका तयार नव्हते. निफाडची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. कुंदेवाडीच्या संशोधन केंद्रावरचा पारा थंडीच्या लाटेत पाच अंशांच्याही खाली उतरतो, तेव्हा मणी तडकू नयेत म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि ठिबक चालू ठेवतात. काकांना रात्री-अपरात्री उठून बागेत जायचं होतं आणि परत येऊन उबदार अंथरुणात शिरायचं होतं. आम्ही बारा फूट बाय साडेसहा फुटांचा ट्रेलर केला. चाळीस मिलिमीटरच्या लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा, पाइपांच्या मध्ये तेवढ्याच जाडीचा पफ, बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून प्लाय. ट्रॅक्टरला जोडून मळ्यात नेला. काकूंनी उंबऱ्यावर हळदकुंकू वाहिलं.

आता भिंत का रडली ते सांगते, कारण ही चूक आमच्यासारख्या कोल्ड रूमवाल्यांकडूनच जास्त होते.

पहिली गोष्ट लोखंडाची. पफमधून उष्णता जेवढी जाते त्याच्या साधारण दोन हजार पट लोखंडातून जाते. भिंतीत दर दोन फुटांवर पाइप म्हणजे थंडीला आत यायला दर दोन फुटांवर शिडी. कोल्ड रूममध्ये हा प्रश्नच आला नव्हता, कारण तिथे पॅनल एकमेकांत अडकतात, मध्ये सांगाडा नसतो.

दुसरी गोष्ट जास्त लाजिरवाणी आहे. हवेतली वाफ उबेकडून गारव्याकडे जाते. द्राक्षांच्या खोलीत गारवा आत आणि ऊब बाहेर, म्हणून वाफ अडवणारा थर बाहेरच्या बाजूला हवा. बारा वर्षं दादाने तो बाहेरूनच लावला होता. त्याच्या हाताला दुसरं माहीतच नव्हतं. राहत्या ट्रेलरमध्ये हिवाळ्यात सगळं उलटं असतं. ऊब आत, दोन माणसांचा श्वास आत, उकळता चहा आत. रात्रभरात दोन माणसं श्वासातून आणि घामातून अर्धा-पाऊण लिटर पाणी हवेत सोडतात. शिवाय एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. काकू आंघोळीचं पाणीही आतल्याच शेगडीवर तापवायच्या. ती सगळी वाफ प्लायच्या सांध्यांतून शिरली आणि गार पत्र्यापाशी जाऊन तिचं पाणी झालं. तिथे आम्ही पॉलिथिन लावलेलं! पत्रा तसाही वाफ अडवतोच. म्हणजे एका बाजूचं दार आम्ही दोनदा बंद केलं होतं आणि दुसऱ्या बाजूचं सताड उघडं ठेवलं होतं.

मार्चमध्ये ट्रेलर परत आणून प्लाय उचकटला. खालची वीतभर काळी बुरशी, कोपऱ्यात प्लायचे पापुद्रे सुटलेले. दादा बराच वेळ स्क्रू ड्रायव्हरने ते पापुद्रे टोकरत बसला आणि शेवटी म्हणाला, “कोल्ड रूम उलटी करून घातली असती तरी चाललं असतं.” दुरुस्तीचे ८५ हजार आमच्या खिशातून गेले. काकांनी अर्धे द्यायची तयारी दाखवली होती. घेतले नाहीत. घ्यावे असं एक क्षण वाटलं होतं, हेही सांगून टाकते.

पण त्याआधी जानेवारीतच एक चांगली गोष्ट हाती लागली होती. काकूंची दुसरी तक्रार होती की जमीन बर्फासारखी लागते, पाय टेकवत नाहीत. जमिनीतही पफ होताच. मी खाली वाकून पाहिलं तर ट्रेलरच्या पोटाखालून वारा सुसाट जात होता. घराला जोतं असतं, ट्रेलरला नसतं. भिंती चारच मोजतो आपण, पाचवी बाजू वाऱ्यावर उघडी. पाण्याचा पाइपही तिथूनच गेलेला.

काकांचा सालदार म्हणाला, मक्याची धाटं रचू चारी बाजूंनी. ऊब झाली असती, पण शेजारी शेकोट्या पेटणार, एक ठिणगी पुरे. मग काकांच्या पुतण्याने पिकअपमधून जुने फ्लेक्स आणले. नाशिक जिल्ह्यात कशाचा तुटवडा नसेल तर वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सचा. आम्ही ते कापून आयलेट मारले, ट्रेलरच्या कडेला पट्टी ठोकून अडकवले आणि खालची कड मातीने भरलेल्या कांद्याच्या गोण्यांनी दाबली. छापलेली बाजू आत ठेवली, त्यामुळे एक भावी नगरसेवक दोन महिने अंधारात हात जोडून उभे होते. दुसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, आता पाय टेकवतात. इतक्या स्वस्तात इतका फरक मी आमच्या धंद्यात दुसऱ्या कशाने पडलेला पाहिलेला नाही. आमची पोरं त्याला झालर म्हणतात. पुढे एका गिऱ्हाइकाकडून कळलं की याला स्कर्टिंग म्हणतात, पण कोटेशनवर आम्ही झालरच लिहितो.

झालरीचे धोकेही मळ्यातच कळले. खाली ऊब झाली की उंदीर येतात आणि उंदरांमागे कोण येतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. फेब्रुवारीत धामण निघाली. बिनविषारी असली तरी काकूंनी दोन रात्री जावेच्या घरी काढल्या. तेव्हापासून आम्ही फ्लेक्सच्या आतून बारीक जाळी लावून ती जमिनीत चार बोटं गाडतो आणि खाली जमिनीवर प्लास्टिक अंथरतो, म्हणजे ओल वर चढत नाही. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गॅस. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली बसतो. चारी बाजूंनी झालर बंद केली तर तो पोटाखाली साचून राहणार. म्हणून सिलिंडरचा कप्पा झालरीच्या बाहेर आणि कप्प्याला तळाशी भोकं. यात गिऱ्हाइकाचं ऐकून घेत नाही.

दुसरा ट्रेलर मागणारा एक फोटोग्राफर. त्याला हिमबिबट्यासाठी जानेवारी-फेब्रुवारी हिमाचलमधल्या लाहौलमध्ये काढायचे होते. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून लाहौलला हिवाळ्यातही जाता येतं, नाहीतर पूर्वी रोहतांगची खिंड बंद झाली की विषय संपला. तो म्हणाला, “ताई, रात्री उणे पंधरा धरून चाला.” मी त्याला निफाडच्या बुरशीचे फोटो दाखवले. वाटलं, जाईल. तो म्हणाला, चूक केलेला माणूस बरा.

आम्ही घाबरलोच होतो, म्हणून तपासल्याशिवाय द्यायचा नाही असं ठरवलं. नाशकात उणे पंधरा कुठून आणणार? पण शून्य आमच्या हातचं होतं. दिंडोरीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची मोठी कोल्ड रूम हंगाम संपून रिकामी पडलेली. जूनमध्ये, चाकं लावण्याआधी, ट्रेलरची बॉडी तिच्या दारातून सरकवली आणि विटांवर ठेवली. बाहेर अंगाला घाम, आत शून्य अंश. दादा आणि आमचे वेल्डर मामा स्वेटर, माकडटोपी घालून रात्री त्यात झोपले. आत ज्योत पेटवायची नाही, फक्त एक किलोवॅटचा विजेचा हीटर, आणि मी बाहेर राखणीला खुर्ची टाकून. थर्मोस्टॅट अठरावर लावला होता. आधी हीटर बंदच होईना. कोल्ड रूमचे पंखे पोटाखालून वारा मारत होते. मध्यरात्री उठून चारी बाजूंनी ताडपत्री सोडली, तेव्हा कुठे हीटर मधूनमधून बंद व्हायला लागला. मामा सकाळी बाहेर येऊन एवढंच म्हणाले, “चहा ठेवा.”

या ट्रेलरला पॉलिथिन आतल्या बाजूला, उबेच्या बाजूला लावलं, प्रत्येक सांध्यावर ॲल्युमिनियमची टेप. सांगाड्याच्या आतून एक्सपीएसचा, म्हणजे थर्माकोलसारख्या घट्ट फोमचा, सलग थर, म्हणजे लोखंड आतल्या प्लायला कुठेच भिडत नाही. पाण्याची टाकी आणि सगळे पाइप आत घेतले. पाणी गोठताना नऊ टक्क्यांनी फुगतं, पाइप कुठला टिकतोय. बाजारात चांदीच्या कागदाचा बुडबुड्यांचा रोल मिळतो, तो विकणारे सांगतात की हा एकटाच चार इंच थर्माकोलचं काम करतो. करत नाही. त्याच्यासमोर हवेची पोकळी ठेवली तर थोडा उपयोग, पत्र्याला चिकटवला तर नुसती शोभा. आम्ही तो खिडक्यांच्या पडद्यात वापरतो.

खरं भांडण झालं ते भोकांवरून. मी वर एक आणि खाली एक असे झरोके ड्रॉइंगमध्ये दाखवले तर दादा चिडला. “एवढं दाबून बंद करायचं आणि मग भोक पाडायचं?” पण वाफ बाहेर जायला वाट हवी, आणि श्वासाला हवा हवी. बंद खोलीत शेगडी नाहीतर सिगडी पेटवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, ही बातमी दर हिवाळ्यात कुठून ना कुठून येतेच. झरोके राहिले. शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. उबेसाठी डिझेलचा छोटा हीटर बसवला, जो जळायला हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो. आत फक्त कोरडी ऊब. दोन किलोवॅटच्या हीटरला तासाला पाव लिटरही डिझेल लागत नाही. तिकडच्या थंडीत साधं डिझेल मात्र घट्ट होतं. लडाखसारख्या भागासाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल आणलं ते याचसाठी. ते वर मिळेल तिथे भर, असं त्याला बजावून सांगितलं.

साधारण १८०० किलोमीटर ओढून त्याने ट्रेलर नेला. आठवडाभराने फोन. भिंती कोरड्या होत्या, पण सिलिंडर चालत नव्हता. आपल्या घरगुती गॅसमध्ये ब्यूटेन बराच असतो, आणि तो शून्याच्या जेमतेम खाली गेला की वायू व्हायलाच तयार नसतो. हे मला आधी सुचायला हवं होतं. महिनाभर तो शेजारच्या घरी तंदूरवर, म्हणजे त्यांच्या लोखंडी चुलीवर, स्वयंपाक करून जेवला, आणि त्यातून त्याला आमच्यापेक्षा हुशार कारागीर भेटली. त्या घरच्या आजीने आमची झालर पाहिली, फावडं घेतलं आणि तिच्यावर भुसभुशीत बर्फ रचून दिला. बर्फात हवा धरलेली असते, त्यामुळे त्याचीच रजई होते. हीटरच्या धुराड्यासमोरची जागा तेवढी तिने रोज मोकळी करायला सांगितली. आमच्या माहितीपत्रकात आता ते वाक्य आहे.

आज आम्ही अकराजण आहोत. अख्खा शेड आमचा आहे. खराद्या स्वतःच्या जागेत गेला, पण डबा खायला इकडेच येतो. सिंहस्थामुळे सध्या साध्या केबिनचंच काम जास्त आहे, ट्रेलर वर्षाला तीन-चार. काका-काकूंचं घर होऊन दोन वर्षं झाली. ट्रेलर त्यांनी विकला नाही, थंडीत काका तिथेच झोपतात आणि काकू म्हणतात, “झोपू दे, घोरणं तिकडे.”

दाराचं रबर मात्र अजून जमलेलं नाही. कडक थंडीत ते ताठ होतं आणि कोपऱ्यातून बारीक वारा येतो. सिलिकॉनचे तीन नमुने सध्या दिंडोरीच्या त्या कोल्ड रूममध्ये, द्राक्षांच्या पेट्यांच्या मागच्या मांडणीवर ठेवलेत. मालक दर आठवड्याला फोन करतो, “ताई, तुमचं रबर कधी तोडणीला येणार?”