गोलसमोरची ४१ पोती

गेल्या एप्रिलमधील एका सोमवारी पुण्याजवळच्या एका निवासी शाळेतून मला दूरध्वनी आला. आदल्या शनिवारी फुटबॉलच्या सरावात १४ वर्षांची एक गोलरक्षक मुलगी चेंडू अडवताना पाठीमागे पडली होती आणि तिचे डोके टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, आपटले होते. ती बेशुद्ध पडली नाही, परंतु पुढचा अर्धा तास एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिली आणि नंतर तिला दोन उलट्या झाल्या. रुग्णालयात मेंदूला धक्का बसल्याचे निदान झाले. सुदैवाने रक्तस्राव नव्हता. ती फार जोरात पडलीच नव्हती, असे तिचे प्रशिक्षक मला सांगत होते आणि त्यांना नेमके तेच खटकत होते. मैदानांचे पृष्ठभाग तपासणे हे माझे काम आहे. मंगळवारी सकाळी साडेसात वाजता मी तिथे पोहोचले.

फाटकाजवळ टर्फचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले होते. ते खरे होते, पण प्रयोगशाळेत तपासलेल्या नमुन्याचे होते. कृत्रिम पात्यांचा ठरलेला गालिचा, ठरलेली वाळू आणि ठरलेले रबर सपाट पायावर भरले तर काय मिळते, एवढेच असे प्रमाणपत्र सांगते. त्याच गालिच्यावर पाच वर्षे मुले धावल्यानंतर काय उरले आहे, हे जागेवर मोजल्याशिवाय कळत नाही. मी कागदपत्रे मागवली. पाती ५० मिलिमीटर उंच, खाली डांबरी थर, पात्यांच्या मुळाशी १० मिलिमीटर सिलिका वाळू आणि तिच्यावर जुन्या टायरांपासून केलेल्या काळ्या दाण्यांचा २५ मिलिमीटरचा थर, असा करार होता. गालिच्याखाली शॉक पॅड, म्हणजे धक्का शोषणारा मऊ थर, घालण्याची तरतूद पहिल्या दरपत्रकात होती, दुसऱ्या दरपत्रकात खर्च कमी करताना ती ओळ वगळलेली दिसली. मुलांना दिसतो तो हिरवा रंग आणि पैसे मोजले जातात तेही त्या रंगाकडे पाहून, परंतु पडणाऱ्या मुलाला झेलण्याचे काम या मैदानावर फक्त त्या काळ्या दाण्यांवर सोपवलेले होते.

प्रथम मी मैदानाच्या मध्यभागी क्लेग हातोडा लावला. हे उपकरण साधे आहे: उभ्या नळीतून २.२५ किलोचे वजन ४५ सेंटिमीटरवरून सोडायचे आणि ते किती झपाट्याने थांबले ते गुरुत्वाकर्षणाच्या पटीत वाचायचे. आकडा जितका मोठा, तितकी जमीन कठीण. मध्यभागी ८८ आला, वाळू आणि रबराच्या भरावाची खोली ३२ मिलिमीटर भरली. दूरच्या गोलसमोर १२१ आला. फाटकाजवळच्या ज्या गोलसमोर मुलगी पडली होती, तिथे १६८, १७४ आणि १७१ असे आकडे आले. खोली मोजण्याची सुई तिथे ९ ते ११ मिलिमीटरच्या पुढे जाईना. म्हणजे केवळ वाळू उरली होती. रबर जवळपास नव्हतेच. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, अशाच हातोड्याने मैदान तपासतात आणि कोणत्याही जागी आकडा १०० च्या वर गेला तर सामन्याआधी ती जागा दुरुस्त करावी लागते. तिथले खेळाडू प्रौढ असतात आणि त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण असते.

संचालकांना मी हे असे समजावले. एक मीटर उंचीवरून पडणारे डोके जमिनीला टेकते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर असतो. तो वेग शून्यावर येण्यासाठी जमीन जितके दबून अंतर देते तितका धक्का कमी बसतो. ते अंतर निम्मे झाले की सरासरी धक्का दुप्पट होतो. डांबरावरच्या सेंटिमीटरभर वाळूकडे देण्यासारखे अंतर राहिलेलेच नसते.

आता प्रश्न होता, रबर गेले कुठे. गोलसमोर सतत उड्या आणि घसरणे होत असल्याने तिथले दाणे उडतात हे खरे, परंतु ते उडून आजूबाजूला दिसायला हवेत. इथे कडेची फरशी लख्ख होती. मैदानाची देखभाल करणारे मामा इतका वेळ थोडे दूर उभे राहून ऐकत होते. ते पुढे आले आणि म्हणाले, "मॅडम, दाणे माझ्याकडे हायेत." त्यांनी आम्हाला पंपाच्या खोलीमागे नेले. तिथे पोती रचून ठेवलेली होती. मी मोजली, ४१ होती. मुलांच्या मोज्यांतून काळे दाणे घरी येतात, कपडे काळे होतात, अशी तक्रार पालकांनी केली होती आणि 'टर्फ स्वच्छ ठेवा' असा लेखी आदेश निघाला होता. मामांनी तीन वर्षे रोज पहाटे खराट्याने तो आदेश पाळला. पालक फाटकाशी बसत, म्हणून फाटकाजवळचा गोल सर्वांत स्वच्छ. दाणे फेकून देणे त्यांच्या जिवावर आले, म्हणून त्यांनी ते जपून ठेवले. मला त्या माणसाचा राग आला नाही. हे दाणे कशासाठी आहेत, हे टर्फ बसवणाऱ्यांपासून शाळेपर्यंत कोणीही त्यांना सांगितलेले नव्हते.

संचालकांनी लगेच सुचवले की आजपासून सराव शेजारच्या मातीच्या मैदानावर घ्यावा, कारण नैसर्गिक मैदान केव्हाही सुरक्षित. ही समजूत मला वारंवार भेटते आणि ती मोडून काढताना मला दर वेळी वाईट वाटते, कारण पाणी मिळालेल्या, मुळे धरलेल्या हिरवळीसारखा पृष्ठभाग खरोखरच दुसरा नाही. पण ते मैदान काळ्या मातीचे होते आणि फेब्रुवारीपासून त्याला पाणी मिळालेले नव्हते. गोलसमोर गवताचे खुंट तेवढे उरले होते, टाच अडकेल अशा भेगा पडल्या होत्या आणि हातोड्याचा आकडा १९३ आला. मी दोन्ही मैदानांवरचा सराव थांबवायला सांगितले. मग त्यांनी हायब्रिड मैदानाविषयी विचारले. त्यात कृत्रिम धागे जमिनीत सुमारे १८ ते २० सेंटिमीटर खोल शिवतात, परंतु धाग्यांचे प्रमाण अगदी थोडे असते आणि बाकी सारे जिवंत गवतच असते. ज्या आवारात हिरवळीला पाणी पुरत नाही तिथे ते धागे कोरड्या मातीत उभे राहतील. मी स्पष्ट नकार दिला.

दुपारी बारा वाजता टर्फचे तापमान ६३ अंश भरले, तेव्हा आम्ही थांबलो. चारनंतर मामा, दोन शिपाई आणि प्रशिक्षक यांच्यासह काम सुरू केले. पोत्यांतले दाणे आधी चाळून खडे आणि पालापाचोळा काढला, मग ते पातळ थरांत पसरून प्रत्येक थरानंतर पात्यांच्या कलाविरुद्ध ब्रश फिरवला. एकदम ओतले तर पाती खाली दबतात आणि दाणे वरच राहतात. अंधार पडेपर्यंत २६ पोती जिरली. शेवटच्या मोजणीत गोलसमोर ११२ आला. तो मला पुरेसा नव्हता, म्हणून उरलेली पोती संपून फेरतपासणी होईपर्यंत तो गोल बंदच ठेवण्याचे मी अहवालात लिहिले, आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय त्या मुलीला सरावाला घेऊ नये, हेही.

नऊ दिवसांनी मी परत गेले तेव्हा तिथे ९४ आला. मामांनी सायकलीच्या आऱ्याचा तुकडा घेऊन त्यावर ३५ मिलिमीटरपर्यंत लाल रंगाने खुणा केल्या होत्या. मी गाडीत सामान भरत असताना ते पेनल्टीच्या ठिकाणी उकिडवे बसून तो आरा गालिच्यात खुपसत होते आणि शेजारी उभा असलेला शिपाई वहीत आकडे उतरवून घेत होता.