तुम्ही विचारलेत म्हणून : मूळ गाणी असताना पिपेट्स कशाला?

साठच्या दशकातील पॉप संगीताविषयी मी आवडीने बोलते आणि लिहिते, त्यामुळे एक प्रश्न मला हमखास विचारला जातो : शिरेल्स, रॉनेट्स, शांग्री-लाज या अमेरिकी ‘गर्ल ग्रुप्स’ची, म्हणजे मुलींच्या गायनगटांची, अस्सल गाणी आजही सहज ऐकायला मिळत असताना, ठिपक्याठिपक्यांचे झगे घालून त्यांच्यासारखे गाणाऱ्या एका इंग्रज बँडचा अल्बम ऐकण्याचा आग्रह तुम्ही का धरता? प्रश्न ‘वुई आर द पिपेट्स’ या अल्बमविषयी असतो. जुन्या घाटात केलेले काम म्हणजे नक्कलच असणार, हे त्यामागचे गृहीत मला मान्य नाही, म्हणून जरा सविस्तर उत्तर देते.

पिपेट्स हा बँड २००३ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ब्रायटन शहरात सुरू झाला. मूळ कल्पना मॉन्स्टर बॉबी या नावाने वावरणाऱ्या गिटारवादकाची. पुढे तीन गायिका आणि मागे साथीला ‘द कॅसेट्स’ नावाचे पुरुष वादक, अशी रचना होती. अल्बमच्या वेळी गायिका होत्या रोझ, बेकी आणि वेल्समधील कार्डिफहून आलेली ग्वेनो. मेम्फिस इंडस्ट्रीज या स्वतंत्र कंपनीने जुलै २००६ मध्ये तो काढला. त्यात चौदा गाणी आहेत आणि सगळी मिळून अर्ध्या तासाहून फार अधिक वेळ घेत नाहीत.

बीटल्सच्या आधीच्या पॉपकडे परत जायचे आहे, असे ही मंडळी उघडपणे सांगत. हे वरवर खोडसाळ वाटले तरी त्यामागे एक खरा वाद आहे. १९६३ च्या आपल्या पहिल्याच अल्बमवर बीटल्सनी शिरेल्सची दोन गाणी आणि कुकीज या अशाच एका गटाचे एक गाणे गायले होते, म्हणजे गर्ल ग्रुपचे ऋण त्यांनी स्वतःच मान्य केले होते. पण पुढे आपली गाणी आपणच लिहिणारा, वाजवणारा बँड हाच प्रामाणिक संगीताचा मापदंड ठरला, आणि एकसारखे कपडे घालून, हातवारे बसवून, दुसऱ्यांनी रचलेली गाणी गाणाऱ्या मुली ‘घडवलेल्या’ म्हणून दुय्यम मानल्या गेल्या. पिपेट्सनी एकसारखे कपडे आणि बसवलेले हातवारे सगळे जसेच्या तसे ठेवले, आणि गाणी मात्र बँडमधील सगळ्यांनी मिळून रचली. मला त्यांची ही भूमिका मनापासून पटते.

मूळ गाणी आणि हा अल्बम यांच्यातील नाते पाहायचे असेल तर दोन गाणी शेजारी ठेवावीत. शिरेल्सचे ‘विल यू लव्ह मी टुमॉरो’ हे १९६० चे गाणे. चाल कॅरोल किंगची, शब्द जेरी गॉफिनचे. त्यातील मुलगी रात्री प्रियकराच्या मिठीत असताना विचारते की उद्याही तुझे माझ्यावर प्रेम राहील ना? त्या काळातील मुलीची सगळी धास्ती त्या एका प्रश्नात आहे, कारण उत्तर द्यायचे की नाही हे पूर्णपणे त्याच्या हाती आहे. आता पिपेट्सचे ‘वन नाइट स्टँड’ ऐका. तसाच ठेका, तशाच मागून साथ करणाऱ्या मुली. पण इथे रात्र संपल्यावर मागे लागणारा तो आहे, आणि माझा पिच्छा सोड, ते एका रात्रीपुरतेच होते, असे त्याला ठणकावणारी ती. सुमारे पंचेचाळीस वर्षांनी त्या प्रश्नाची बाजू अशी फिरते, आणि ती त्याच सुरावटीच्या भाषेत फिरते म्हणूनच तिचा घाव बसतो. हेच शब्द आधुनिक रॉकच्या आवाजात गायले असते तर त्यांत विशेष काही वाटले नसते. ‘बिकॉज इट्स नॉट लव्ह (बट इट्स स्टिल अ फीलिंग)’ या गाण्याचे तर शीर्षकच, १९६३ च्या मुलीला जे उघडपणे म्हणता आले नसते ते म्हणून टाकते : हे प्रेम नाही, पण काहीतरी वाटते आहे खरे.

तरीही हा अल्बम केवळ युक्तिवादासाठी ऐकावा असे मी म्हणणार नाही. ‘पुल शेप्स’ हे गाणे जेमतेम तीन मिनिटांचे आहे. व्हायोलिनांचा ताफा सुरुवातीपासूनच गाण्याला उचलून धरतो, गाणारी मुलगी समोरच्या मुलाला नाचायला बोलावते आणि गाणे कशाविषयी आहे याच्याशी आपल्याला देणेघेणे नाही असेही सांगते; मग अजून हवे असेल तर टाळ्या वाजवा असे फर्मान निघते, टाळ्या पडतात, आणि सगळा वाद्यमेळ पुन्हा अंगावर येतो. निर्माते गॅरेथ पार्टन आणि अँडी ड्रॅगाझिस यांनी साठच्या दशकातील अमेरिकी निर्माता फिल स्पेक्टर याच्या ध्वनीची भव्यता जशीच्या तशी उभी करण्याचा हट्ट धरला नाही, हे मला त्यांचे शहाणपण वाटते. स्पेक्टर अनेक पियानो आणि गिटारी एकदम वाजवून, त्यावर प्रतिध्वनी चढवून वाद्ये एकमेकांत विरघळवत असे. इथे वाद्ये आणि आवाज सुटे, स्वच्छ ऐकू येतात. मुख्य गायिकाही गाण्यागणिक बदलते, त्यामुळे तीन वेगळ्या स्वभावाच्या मुली आपल्याशी बोलत आहेत असे जाणवत राहते.

उत्तरार्धातील एकदोन गाणी मला भरीची वाटतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ज्या शैलीवर हा अल्बम उभा आहे ती मुख्यतः न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या कृष्णवर्णीय मुलींनी लोकप्रिय केली, आणि त्यांच्यापैकी अनेकींना आपल्या कामाचा योग्य मोबदला किंवा मान मिळाला नाही. पिपेट्स ऐकून कोणी त्या गाण्यांकडे वळले नाही, तर माझ्या शिफारशीचा अर्धा हेतू वाया गेला.

या तिघी फार काळ एकत्र राहिल्या नाहीत. रोझ आणि बेकी २००८ मध्ये बाहेर पडल्या, २०१० चा दुसरा अल्बम डिस्कोच्या वाटेने गेला, आणि ग्वेनो पुढे वेल्श आणि कॉर्निश (इंग्लंडच्या नैऋत्य टोकावरील कॉर्नवॉलची जुनी भाषा) या भाषांत गाऊ लागली. तिचा २०१८ चा ‘ले कोव्ह’ हा अल्बम संपूर्ण कॉर्निशमध्ये आहे. तोही जरूर ऐका, पण आधी शिरेल्स, मग ‘वन नाइट स्टँड’, आणि त्यानंतर पहिल्या गाण्यापासून सगळा अल्बम, या क्रमाने सुरुवात करा.