नेवासा तालुक्यातल्या छोट्या मंडळीकडे आमची ट्रिप, आणि पुढे जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी

आमच्या पुण्यातल्या चर्चमधून आम्ही बारा जण संक्रांतीनंतर नेवासा तालुक्यातल्या एका गावी जाऊन आलो. गावाचं नाव टाकत नाही कारण मंडळी, म्हणजे तिथला ख्रिस्ती समाज, अगदी लहान आहे आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनी तसं सांगितलंय. नाव नसलं तरी नगर जिल्ह्यात अशी गावं खूप आहेत, त्यामुळे तुमचं चर्च कुठंही जाणार असेल तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

थोडी पार्श्वभूमी सांगतो कारण आमच्या तरुण संघातल्या निम्म्या पोरांना ती माहीतच नव्हती. अमेरिकन मराठी मिशन या मिशनरी संस्थेचे पहिले लोक 1813 ला मुंबईत उतरले आणि 1831 ला नगरला काम सुरू झालं, मग हळूहळू नेवासा तालुक्यातलं वडाळा आणि आजूबाजूची खेडी. 1876 ते 78 च्या मोठ्या दुष्काळानंतर खेड्यांमधल्या मंडळ्या बऱ्याच वाढल्या. म्हणजे आपण ज्यांना "छोटी ग्रामीण मंडळी" म्हणतो त्यांच्याकडे पाच-पाच सहा-सहा पिढ्यांचा विश्वास आहे, पुण्या-मुंबईतल्या कित्येक चर्चेसपेक्षा जुना. हे डोक्यात ठेवून गेलात तर तिथं तुमचं बोलणं वागणं आपोआप वेगळं होतं. जाताना नगरला ह्यूम मेमोरियल चर्चमध्ये थांबून आम्ही प्रार्थना केली आणि तिथंच पोरांना हे सगळं सांगितलं, तुम्हीही थांबा, चांगलं वाटतं.

रस्त्याचं म्हणाल तर पुणे ते नगर साधारण 120 किलोमीटर, तिथून संभाजीनगर रोडनं घोडेगाव, वडाळा, नेवासा फाटा. एसटीनं जायचं तर पुणे-संभाजीनगर गाड्या याच रस्त्यानं जातात, पण मोठी टीम असेल तर टेम्पो ट्रॅव्हलर बरी पडते कारण फाट्यापासून आत गावात जायला काही मिळेलच असं नाही. शनिवारी शक्यतो निघू नका, घोडेगावजवळून शनी शिंगणापूरला वळतात त्यामुळे शनिवारी आणि अमावस्येला गर्दी असते. आम्ही शुक्रवारी सकाळी निघालो. आणि उसाच्या सीझनमध्ये रात्रीचं गाडी चालवणं टाळाच, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर असतात आणि कितीतरी ट्रॉल्यांना मागं लाल दिवा काय साधा रिफ्लेक्टरपण नसतो. अंधार पडायच्या आत गावात पोचायचं हे ड्रायव्हरला निघतानाच सांगून ठेवा.

आता मंडळीबद्दल. अठरा-वीस घरं, त्यातली रविवारी नियमित येणारी माणसं पंचवीस-तीस, आणि बहुतेक सगळी पन्नाशीच्या पुढची किंवा मग शाळेतली पोरं. मधली पिढी जवळजवळ नाहीच. पाळकसाहेबांकडे, म्हणजे पास्टरांकडे, अशा चार गावांच्या मंडळ्या आहेत, ते मोटरसायकलवर फिरतात, त्यामुळे प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) इथं महिन्यातून एकदा होतं आणि बाकीचे रविवार गावातलेच एक अण्णा उपासना चालवतात. चर्च म्हणजे जुनी दगडी खोली, वर पत्रा, पूर्वी तिथंच मिशनची शाळा भरायची. चावी अण्णांकडे असते, झाडलोट तेच करतात, घंटापण तेच वाजवतात.

तारीख ठरवायच्या आधी शेतीचं काय चाललंय ते विचारा, हा माझा सगळ्यात कळकळीचा सल्ला. आम्ही गेलो तेव्हा कांद्याची लागण चालू होती. बायका सकाळी टोळीनं उक्त्या कामावर जातात आणि दिवस मावळल्यावर परत येतात, मग स्वयंपाक, पोरांचं, आणि त्यानंतर कुठं वेळ. रविवारसुद्धा सुटत नाही कारण रोपं तयार झाली की मालक थांबत नाही आणि यांचीही वर्षाची कमाई त्या काही आठवड्यांतच असते. पाळकसाहेबांनी हे आधीच फोनवर सांगितलं होतं म्हणून रविवारची उपासना सकाळी सातला ठेवली आणि महिलांची सभा शनिवारी रात्री साडेआठला. बायका आल्या, दिवसभर वाफ्यात वाकून काम करून आलेल्या, हाताच्या बोटांना चिरा पडलेल्या, आणि दहा वाजले तरी कुणी उठायला तयार नाही. आमच्या ताईंनी संदेश अगदी पंधरा मिनिटांत आटपला आणि बाकी सगळा वेळ साक्षी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते ज्यानं त्यानं सांगणं, आणि प्रार्थना. शेवटी एका आजींनी जात्यावरच्या चालीत प्रभूचं गाणं म्हटलं, त्यांच्या सासूकडून शिकलेलं, कुठं लिहिलेलं नाही. परवानगी घेऊन आम्ही ते रेकॉर्ड केलं आणि त्यांच्या नातीच्याच फोनवर ठेवलं, कारण ते पहिलं त्यांचं आहे.

गाण्यांबद्दल आणखी एक. गिटार, कीबोर्ड, मोठा स्पीकर यातलं काहीही नेऊ नका. आम्ही मुद्दामच नेलं नव्हतं. तिथं पेटी आहे, ढोलकी आहे, टाळ आहेत आणि ते वाजवणारी माणसं आहेत. ख्रिस्ती कीर्तन आणि भजनाची परंपरा नगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकापासून आहे आणि तिथं बसून ऐकलं की कळतं ती अजून जिवंत का आहे. आपण जाऊन स्क्रीनवरची गाणी म्हटली तर लोक कौतुक करतील, टाळ्या वाजवतील, पण पुढच्या रविवारी अण्णांना वाटेल की आपली उपासना कमी दर्जाची आहे, आणि हे व्हायला नको, अजिबात नको. त्याऐवजी 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकाच्या मोठ्या अक्षरातल्या प्रती मिळाल्या तर न्या, म्हाताऱ्या डोळ्यांना वाचता येत नाही ही त्यांची खरी अडचण आहे. रविवारी उपासना अण्णांनीच चालवली, संदेश पाळकसाहेबांनी दिला, आमच्यातल्या एकानं वाचन केलं आणि एकानं मध्यस्थीची प्रार्थना, बस.

घरभेटींना जास्तीत जास्त वेळ ठेवा. एका सकाळी पाच घरं खूप झाली, पंधरा घरांची यादी करून धावत सुटू नका. चहा प्रत्येक घरी होणारच, अर्धा कप मागा पण नाही म्हणू नका. आत गेल्यावर सलाम करायचा, बसायचं, घरातल्या मोठ्या माणसाला बोलू द्यायचं, मग एखादं स्तोत्र, मग प्रार्थना. एका घरी आजोबांना लकवा झालेला, बोलता येत नव्हतं पण तेविसावं स्तोत्र सुरू केल्यावर ओठ हलायला लागले, त्यांच्या सुनेनं आम्हाला हातानंच थांबा म्हणून खुणावलं आणि मग आम्ही ते त्यांच्या वेगानं परत पहिल्यापासून म्हटलं. टीममध्ये नर्स असेल तर बीपी बघायला हरकत नाही पण गोळ्या वाटू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जायला कुणी आहे का ते बघा.

पैशांचं स्पष्ट लिहितो. कुणाच्याही हातात रोख देऊ नका, कितीही वाईट वाटलं तरी. जे द्यायचं ते मंडळीच्या खजिनदाराकडे पावती घेऊन द्या. जेवणाचा किराणा आधीच पोचवा आणि किती माणसं येणार ते नक्की सांगा, नाहीतर ती माणसं उधार आणून मटण करतील. आम्ही आधीच सांगितलं होतं की भाकरी, पिठलं, ठेचा, बाजूला वांग्याची भाजी, एवढंच पाहिजे, तरी शनिवारी संध्याकाळी एका शेतात हुरडा झालाच आणि तो कुणी सोडू नये. जुने कपडे गोळा करून नेऊ नका. झोपायला चर्चमध्येच सतरंज्या टाकल्या, बहिणींची सोय पाळकबाईंनी दोन घरांत केली, संडास कुठं आहे कसा आहे हे आधी विचारून ठेवा म्हणजे कुणाची कुचंबणा होत नाही. जानेवारीत तिकडं रात्री चांगलीच थंडी असते, प्रत्येकानं आपलं ब्लँकेट न्यावं, त्यांच्या घरातलं शेवटचं पांघरूण आपल्या अंगावर येता कामा नये.

गाडीला बॅनर लावू नका, पत्रकं वाटू नका. आपण तिथल्या ख्रिस्ती कुटुंबांना भेटायला जातोय, तेवढंच करायचं. सरपंच आणि पोलीस पाटलांना पाळकसाहेबांनी आधी कळवलं होतं की पुण्याचे पाहुणे येणार आहेत, आम्हीही जाऊन भेटलो, चहा झाला, काही प्रश्न आला नाही. संडे स्कूलची गाणी ऐकून शेजारची पोरं येतात, त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय बसवायचं नाही. आणि पोरांचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत. आपण रविवारी निघून जातो, त्या कुटुंबांना त्याच गावात, त्याच शेजाऱ्यांबरोबर राहायचंय.

आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे लिहायला घेतलं ती. निघायच्या आधी पंचांबरोबर बसलो आणि विचारलं की आमच्याकडून काय पाहिजे. आमच्या मनात पत्र्याची दुरुस्ती, पंखे वगैरे होतं. अण्णा म्हणाले, पत्र्याचं आम्ही बघू, आमची पोरं तिकडं तुमच्याकडं आहेत, ती रविवारी कुठं जातात ते बघा. मग एकेकानं सांगायला सुरुवात केली, एकाचा मुलगा रांजणगावला कंपनीत, एकीची मुलगी आणि जावई चाकणला, दोघं भाऊ भोसरीत कॉट बेसिसवर. गावात जी मधली पिढी दिसत नाही ती सगळी आपल्या चर्चपासून तासाभराच्या अंतरावर आहे आणि आपण तिच्या आईबापांना धीर द्यायला दीडशेहून जास्त किलोमीटर लांब जातो. पौलानं बर्णबाला म्हटलं होतं की जिथं जिथं वचन सांगितलं तिथल्या बंधूंना परत जाऊन भेटू, ते कसे आहेत बघू, बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात आहे. ते बघणं पुण्यातसुद्धा करायचंय हे आम्हाला त्या खोलीत कळलं.

तेव्हा जाताना एक वही न्या आणि आईवडिलांनी स्वतःहून दिले तरच मुलांचे नंबर घ्या, आणि फोन आधी आईवडिलांना करायला सांगा की चर्चमधून कुणीतरी भेटायला येईल. आम्ही परत आल्यावर दोघादोघांनी जाऊन भेटायला सुरुवात केली. बहुतेकांनी चर्च सोडलेलं नाही, त्यांना जमतच नाही, शिफ्ट असते आणि भोसरी-चाकणच्या बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते, रविवारी नाही. म्हणून आता भोसरीत एका भावाच्या घरी गुरुवारी संध्याकाळी सहाला प्रार्थनासभा सुरू केलीय, पेटी-ढोलकीसकट, आणि तिथून अण्णांना व्हिडिओ कॉल लावतो. तुमच्या चर्चनं ज्या गावाला भेट दिली असेल तिथली मुलं या भागात असतील तर पाळकसाहेबांमार्फत आमच्याकडे निरोप द्या, कुठल्याही मिशनची असू देत. गुरुवार जमत नसेल तर त्यांच्या सुट्टीचा वार सांगा, त्या वारी जाऊ.